सोड! ऑफ!

माझी बायको भूलतज्ज्ञ आहे. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात ती दिवसभर माणसं झोपवते. पण रविवारी दुपारी जेवणानंतर मी माझ्या रेड कार्डाची गोष्ट काढली, की पाच मिनिटांत सोफ्यावर तीच झोपते. डोळे मिटायच्या आधी तिचं एक वाक्य ठरलेलं असतं, "सोड की रे आता." आम्ही दोघंही कोल्हापूरचे, त्यामुळे तिचा तो 'की' कानाला बरा वाटतो. पण हिला माझं दुःख कळत नाही, हे लग्नापासून माझं ठाम मत होतं.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला आधी एक सांगावं लागतं. आमच्या गावात फुटबॉल हा खेळ कमी आणि भानगड जास्त आहे. पेठापेठांचे संघ, भिंतींवर त्यांचे रंग, मॅचच्या दिवशी अर्धी दुकानं बंद. मी आमच्या पेठेच्या संघात तीन वर्षं राखीव खेळाडू होतो, म्हणजे बहुतेक वेळ बाकावर बसून ओरडायचं काम. ओरडण्यात मात्र माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मैदानावर लांबलचक बोलायला वेळ नसतो. 'हाण' म्हणजे मार. 'सोड' म्हणजे बॉलला पाय लावू नकोस, जाऊ दे, मागे आपला माणूस आहे. आणि 'ऑफ' म्हणजे ऑफसाइड. तुम्ही समोरच्या संघाच्या बचावापलीकडे उभे असाल तर पुढे आलेल्या बॉलला पाय लावायचा नाही, लावलात तर शिट्टी. 'साइड' म्हणेपर्यंत बॉल निघून जातो, म्हणून आम्ही नुसतं 'ऑफ' म्हणायचो. या तीन शब्दांवर माझा सगळा फुटबॉल उभा होता.

हे तीन शब्द घेऊन मी ब्रिस्टलच्या बाजूला एका कॉलेजात इंजिनिअरिंगचं मास्टर्स करायला आलो. ऑक्टोबरात फुटबॉल टीमची निवड होती. चिखल असा होता की बूट आत राहायचा आणि पाय बाहेर यायचा. मला घेतलं ते खेळ बघून की माणसं कमी होती म्हणून, हे मी कधी विचारलं नाही.

कॅप्टन उंच होता, लाल कानांचा, सॉमरसेटमधल्या एका गाईम्हशींच्या घरातला. गाईंच्याच म्हणायला हवं, म्हशी तिकडे कुठल्या. त्याचं बोलणं मला कळायचं नाही आणि माझं नाव त्याला म्हणता यायचं नाही, त्यामुळे आमचं पटलं. पहिल्याच मॅचमध्ये उजवीकडून एक बॉल त्याच्याकडे घरंगळत आला. त्याच्यामागे मी मोकळा होतो. विचार करायला वेळ असता तर मी इंग्रजीत ओरडलो असतो. तोंडातून निघालं, "सोड!" तो इतका दचकला की त्याने पाय उचललाच. बॉल त्याच्या पायाखालून माझ्याकडे आला आणि मी तो मारला. गोल झाला. माझ्या आयुष्यात गोल थोडे, त्यामुळे तो मला लख्ख आठवतो.

नंतर तो मला म्हणाला, "काय म्हणालास तू?" मी समजावलं. पुढच्या सरावाला त्याने सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि मला म्हणाला, म्हणून दाखव. मग प्रत्येकाने म्हणून पाहिलं. कुणी 'सोऽद' म्हणे, कुणी 'सॉड'. तो ड काही त्यांच्या जिभेला सापडेना. मी प्राथमिक शाळेतल्या बाईंसारखा चिखलात उभा राहून उच्चार दुरुस्त करत होतो. डिसेंबरपर्यंत सगळी टीम 'सोड' म्हणत होती. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही, पण हा शब्द जमला.

मी त्या टीमवर जीव टाकला, हे आज कबूल करायला हरकत नाही. घरापासून इतक्या लांब, एका खोलीत एकटा राहणारा मी, शनिवारची वाट बघायचो. बसमध्ये चीज-लोणच्याचं सँडविच माझ्यासाठी कुणीतरी बाजूला काढून ठेवलेलं असायचं. थंडी पडल्यावर कॅप्टनच्या आईने, मला कधी न भेटता, हिरव्या लोकरीची एक टोपी विणून पाठवली. ती टोपी माझ्याकडे अजून आहे. बागेत काम करताना घालतो. कुठून आणली असं कुणी विचारलं, तर सांगत मात्र नाही.

मग सेमीफायनल आली. दुसऱ्या कॉलेजच्या मैदानावर, एक-एक बरोबरी, शेवटची वीस मिनिटं. आमच्या बाजूने एक लांब बॉल पुढे गेला. कॅप्टन बचावाच्या पार पलीकडे, चांगला दोन हात ऑफसाइड. त्याच्यामागून आमचा दुसरा एक जण धावत येत होता, तो व्यवस्थित होता. कॅप्टनने बॉल सोडला असता तर त्या दुसऱ्यापुढे मोकळा गोल होता. मी छाती फुटेस्तोवर ओरडलो, "सोड! ऑफ!"

रेफरी माझ्या शेजारूनच धावत होता. थोड्या वेळापूर्वी त्याने माझ्याविरुद्ध एक फाउल दिला होता आणि मी हात वर करून नाराजी दाखवली होती. तो थांबला. शिट्टी वाजली. मला वाटलं ऑफसाइडची. तो माझ्याकडे आला आणि त्याने खिशातून लाल कार्ड काढलं.

हे दोन शब्द इंग्रजीत एकापुढे एक आले की त्यांचा अर्थ 'चालता हो' असा होतो, आणि तोही घरात आईसमोर म्हणता येणार नाही असा, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. रेफरीने ते मला अगदी सभ्य आवाजात, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मी म्हणालो, अहो, ही माझी भाषा आहे. तो म्हणाला, मला इंग्रजी कळतं.

मी टीमकडे बघितलं. दहाच्या दहा जणांना 'सोड' माहीत होतं. त्यातल्या प्रत्येकाचा उच्चार मी स्वतः घासून घेतला होता. एकाने पुढे येऊन म्हणायचं होतं, साहेब, हा आमचा शब्द आहे. बाकावरचा एक जण हसून टाळ्या वाजवत होता. बाकीचे इकडेतिकडे बघत होते. कॅप्टन कमरेवर हात ठेवून गवताकडे बघत होता. त्याने मान वर केली नाही. मी बाहेर आलो, कपडे बदलले आणि टीमच्या बसची वाट न बघता ट्रेन पकडून परत आलो.

टीम दहा जणांत जिंकली. फायनलला मी बाद. मी कॉलेजच्या क्रीडा समितीला दोन पानी पत्र लिहिलं. त्यात 'सोड' देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून खाली उच्चार दिला, अर्थ दिला, 'ऑफ' म्हणजे ऑफसाइड हे दोनदा अधोरेखित केलं आणि मैदानाची आकृती काढून कोण कुठे उभं होतं ते बाणांनी दाखवलं. मी इंजिनिअर आहे, आकृती चांगली होती. उत्तर चार ओळींचं आलं. खुलासा कल्पक आहे, पण बंदी कायम. त्या 'कल्पक' शब्दाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रागावला असं म्हणाले असते तर चाललं असतं. हे मला खोटारडा म्हणत होते.

दोन दिवसांनी दुपारी माझ्या खोलीच्या दारावर टकटक झाली. कॅप्टनचा आवाज होता. माझ्या नावाची रोजची मोडतोड करून त्याने दोनदा हाक मारली. मी पलंगावर बसून राहिलो. श्वाससुद्धा हळू घेतला. तो बराच वेळ बाहेर उभा होता, मग त्याची पावलं जिन्यावरून खाली गेली. पुढच्या आठवड्यात माझं प्रोजेक्ट साउथहॅम्प्टनच्या बंदरावर सुरू झालं आणि मी तिकडे गेलो तो गेलोच. फायनल हरल्याची बातमी मला कॉलेजच्या पत्रकात कळली. त्या दिवशी मी शिरा केला. गाठी झाल्या, पण चवीने खाल्ला.

नोकरीही त्याच बंदरावर लागली. कंटेनर उचलणाऱ्या क्रेनांची देखभाल हे माझं काम. लग्न झालं, मुलगी झाली, घर झालं. आणि या सगळ्यात एक व्रत मी चुकवलं नाही. दर शनिवारी संध्याकाळी त्या टीमचा निकाल बघायचा. साहेबांच्या देशातल्या एवढ्या मोठमोठ्या टीमा सोडून मी एका कॉलेजच्या टीमचा निकाल बावीस वर्षं बघत आलो, तो ती हरावी म्हणून. हरली की मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगायचो, "हरले!" ती कणीक मळता मळता म्हणायची, "बरं. आता सोड." लंडनमधल्या वेम्बलीला आपल्याकडची भाजी, किराणा आणायला गेलो की स्टेडियमची ती मोठी कमान दिसते. तिकडे बघून कुणी फुटबॉलचा विषय काढला, की बायको गाडीतला रेडिओ मोठा करते.

मुलगी सतरा वर्षांची झाली आणि तिने विमानांचं इंजिनिअरिंग करायचं ठरवलं. तिच्या यादीत ते कॉलेज होतं. मी बाकीच्या कॉलेजांची इतकी स्तुती केली की तिला संशय आला. शेवटी बायको म्हणाली, "तिच्या शिक्षणात तुझं रेड कार्ड कशाला?" मागच्या शरदात एका शनिवारी कॉलेजचा ओपन डे होता. मी मुलीला गाडीत घालून सॉल्सबरीच्या रस्त्याने निघालो. बायकोची ड्युटी होती.

प्रयोगशाळा बघितल्या, वसतिगृह बघितलं. सगळं नवं आणि काचेचं झालं होतं, त्यामुळे मला काही त्रास झाला नाही. मग मुलगी म्हणाली, "बाबा, आता मला ती ग्राउंड बघायची आहे. जिथे तुला रेड कार्ड मिळाली."

"मिळालं. ते कार्ड. आणि ते ग्राउंड. आणि मिळालं ते इथं नाही, दुसऱ्या कॉलेजात."

"ओके, पण तुझा टीम इथेच खेळायचा ना?"

"माझी नाही. त्यांची."

"बाबा, प्लीज. फाइव्ह मिनिट्स."

मैदान मात्र तसंच होतं. त्याच्या कडेचं लाकडी खोपटं, ज्यात जाळ्या आणि रेघा मारायची गाडी ठेवतात, तेसुद्धा तिथंच. मॅच चालू होती. कॉलेजची टीम एकाने मागे होती. मी खिशात हात घालून उभा राहिलो आणि मनात म्हटलं, चला, अजून एक-दोन खाऊ दे, मग जाऊ.

डावीकडून बॉल आत आला. पुढचा मुलगा तो अडवायला पाय टाकणार, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं आणि त्याने पाय वर घेतला. बॉल पायाखालून मागच्याकडे गेला आणि त्याने तो जाळीत मारला. मला काही कळलं नाही. म्हणजे डोळ्यांनी गोल बघितला, पण मी अजून ते ओरडणं ऐकत होतो.

मुलीने माझा दंड धरला. "बाबा, तो 'सोड' म्हणाला."

"काहीतरी दुसरं असेल."

"नाही. मी ऐकली. आई म्हणते ना तुला, तीच वर्ड."

आम्ही दोघं जागच्या जागी थांबलो. पाच-सात मिनिटांत तो शब्द अजून तीनदा आला. ड तोच, न जमलेला. मग त्यांचा एक जण ऑफसाइड पळाला आणि मैदानावरून चार-पाच जण एकदम ओरडले, "सोड! ऑफ!" रेफरीने वळूनसुद्धा बघितलं नाही.

राखीव खेळाडूंच्या बाकावर अंगावर कोट पांघरून एक मुलगा बसला होता. मुलीने त्याला विचारलं, हे तुम्ही काय ओरडता? तो आनंदाने सांगू लागला. हा सॉमरसेटचा फार जुना शब्द आहे म्हणे. शेतकरी लोक गाई फाटकातून बाहेर काढताना म्हणायचे. पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात शिकवतात, न म्हणणाऱ्याला बॉल मिळत नाही. मी म्हणालो, "हा मराठी शब्द आहे. भारतातला. मी आणला." तो सभ्यपणे हसला. वयस्कर माणसं काहीही सांगतात तेव्हा मीसुद्धा असाच हसतो.

खोपट्याच्या दारात खुर्ची टाकून मैदान सांभाळणारे गृहस्थ बसले होते. माझ्या वेळचेच. तेव्हा गवतावर उगाच कुणी चाललं तर अंगावर धावून येत, आता काठी होती. ते माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "पत्र लिहिणारा तो तूच का?"

मी म्हणालो, "कुठलं पत्र?"

ते काठी टेकत उठले आणि खोपट्याचं दार आतून दाखवलं. किल्ल्या अडकवायच्या खिळ्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, माझी दोन पानं टाचलेली होती. पिवळी पडलेली, आठ घड्यांची. घड्यांवर चिखलाचे जुने डाग. वर मोठ्या अक्षरात 'सोड', खाली मैदानाची आकृती आणि माझे बाण. माझी मुलगी शनिवारच्या मराठी वर्गात चार वर्षं कंटाळत गेलेली. तिने अक्षरांवर बोट ठेवून वाचलं, "सो... ड. बाबा, हे तुझा हँडरायटिंग आहे."

गृहस्थांनी जे सांगितलं ते असं. त्या दिवशी मैदानावर टीमला 'सोड' ऐकूच आलं नव्हतं. त्यांनाही तेच ऐकू आलं जे रेफरीला आलं. त्यांना 'सोड' माहीत होतं, पण त्याच्यापुढे 'ऑफ' त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं की हा बिचारा अखेर इंग्रजी शिकला आणि पहिली शिवी रेफरीलाच दिली. कॅप्टनने मान खाली घातली होती ती हसू दाबायला. रेफरी त्या लायकीचाच आहे, असं त्याचं मत होतं. पुढे समितीने माझं पत्र कॅप्टन म्हणून त्याच्याकडे पाठवलं. ते त्याने याच खोपट्यात, बादली उपडी घालून तिच्यावर बसून वाचलं. ऑफसाइडपर्यंत आला आणि त्याचे कान आणखी लाल झाले. मग तो उठून माझ्या खोलीवर आला.

"तू भेटला नाहीस," गृहस्थ म्हणाले.



फायनलच्या आधी एक साधी मॅच होती. रेफरी तोच. कॅप्टनने टीमला सांगितलं, आज कुणीही ऑफसाइड दिसला की सगळ्यांनी दोन्ही शब्द म्हणायचे, मोठ्याने. पहिल्या ऑफसाइडला अकरा जण ओरडले. रेफरीने कॅप्टनला बोलावून ताकीद दिली. कॅप्टनने मोज्यातून घडी केलेलं माझं पत्र काढून त्याच्यापुढे धरलं, वाचा म्हणाला. रेफरी वाचेना. दुसऱ्यांदा परत अकरा जण ओरडले, आणि रेफरीने कॅप्टनला रेड कार्ड दाखवलं.

"फायनलला तो माझ्याशेजारी या इथंच बसला होता," गृहस्थ म्हणाले. "कॅप्टन नाही, तू नाहीस. हरलो."

मला तो शिरा आठवला. गाठी, वास, मी पातेलं चाटूनपुसून खाल्लेलं, सगळं. मला तिथं, मुलीसमोर, स्वतःची अतोनात लाज वाटली. बावीस वर्षं मी ज्यांना पाण्यात बघितलं, त्यांनी माझ्या शब्दासाठी फायनल घालवली होती. वर तो शब्द दरवर्षी नव्या पोरांच्या हातात ठेवत आले होते, माझं नाव विसरून, गाव विसरून, पार गाईगुरांवर नेऊन. पण शब्द त्यांनी टाकला नाही. टीम म्हणजे आणखी काय असतं, मला माहीत नाही.

गृहस्थांनी मला न विचारताच फोन लावला आणि माझ्या हातात दिला. कॅप्टन इथून वीस मैलांवर वडिलांचीच शेती बघतो. फोनवर मागे गाई ओरडत होत्या. मी कोण ते सांगायच्या आधी त्याने माझं नाव घेतलं. बावीस वर्षांत त्याचं ते अजून तसंच मोडलेलं होतं.

मी म्हणालो, "मला आज कळलं. पत्राचं. तुझ्या कार्डाचं."

तो म्हणाला, "पत्र वाचलं तेव्हाच मी तुझ्याकडे आलो होतो."

"माहीत आहे. मी खोलीत होतो."

"ते मलाही माहीत होतं," तो म्हणाला. "बूट दाराबाहेर होते."

चिखलाचे बूट. आम्ही पादत्राणं दाराबाहेर काढून आत जाणारी माणसं. श्वास रोखून मी पलंगावर बसलो होतो आणि बाहेर माझे बूट सगळं सांगत होते. तो त्या बुटांकडे बघत तेवढा वेळ उभा राहिला आणि मग माझ्या रागाचा मान ठेवून निघून गेला. मला हसू आलं. मी म्हणालो, "चुकलो मी. दार उघडायला हवं होतं." तो म्हणाला, जुन्या खेळाडूंची मॅच मे महिन्यात असते, दरवर्षी डाव्या बाजूला माणूस कमी पडतो, गुडघे शाबूत असतील तर ये. मग म्हणाला, "आईची टोपी?" मी म्हणालो, आहे. तो म्हणाला, तिला सांगतो.

फोन ठेवून बाहेर आलो तेव्हा शेवटची दहा मिनिटं उरली होती. टीम आणखी एक गोल खाऊन दोन-एकने मागे. मी रेघेला टेकून उभा राहिलो. हात खिशात नव्हते. मुलगी सांगते की मी पुढे वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून एकटाच बडबडत होतो, हाण की, अरे हाण की लेका. तेवढ्यात आमच्या अर्ध्या मैदानात, आमच्याच गोलसमोर, एक बॉल मागच्या फळीतल्या मुलाकडे येत होता. मला वाटलं त्याच्यामागे आपला मोकळा आहे. बावीस वर्षांचा साठलेला आवाज होता. मी ओरडलो, "सोड!"

पोरगं शहाणं. ऐकलं आणि सोडला. मागे आपला कुणी नव्हता. समोरच्या टीमचा होता. तीन-एक.

सगळी टीम वळून रेघेकडे बघू लागली. बाकावरचा तो कोटवाला मुलगा माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता. त्याला आता बहुधा पटलं असावं की शब्द माझा आहे. गृहस्थ काठीवर वाकून हसत होते. मुलगी म्हणाली, "बाबा! हे माझा कॉलेज होणार आहे! मला इथे तोंड दाखवायची आहे!" मी तिचं व्याकरण दुरुस्त केलं नाही. मॅच संपल्यावर त्या मागच्या मुलाकडे गेलो आणि माफी मागितली. त्याने हात मिळवला आणि विचारलं, सर, तो ड बरोबर कसा म्हणायचा? मी त्याला दोनदा म्हणून दाखवला.

घरी पोचलो तेव्हा बायको ड्युटीवरून येऊन चहा घेत होती. मुलगी आल्या आल्या आईला सगळं सांगायला निघाली होती, मी तिला डोळ्यांनी थांबवलं. बायकोने माझ्याकडे निरखून बघितलं. शनिवार संध्याकाळ, म्हणजे काय ऐकायला मिळणार हे तिला ठाऊक होतं.

"काय, हरले ना?" ती म्हणाली.

"हरलो," मी म्हणालो. "तीन-एक. शेवटचा माझ्यामुळे."

तिने कप खाली ठेवला आणि मला परत एकदा सांगायला लावलं.